तिसऱ्या मजल्यावरचा वास

लीलाधरच्या नाकाची एजन्सीत ख्याती होती. गॅसचे मेकॅनिक तसे पुष्कळ. पिशव्या सगळ्यांच्या सारख्या, साबणाच्या पाण्याच्या बाटल्याही सारख्या. पण दारात चपला काढता काढताच ‘बाई, आधी खिडकी उघडा’ असं म्हणणारा हा एकटा. मग बाटलीतलं फेसाळ पाणी नळीवर सोडलं की म्हटल्या जागी बुडबुडा यायचाच. लोक म्हणत, याला देवाने नाक दिलंय. देवाने कसलं, ते राई गावच्या खाडीने दिलं होतं. मासळीच्या घरात जन्मलेल्या पोराला ताजं कुठलं, शिळं कुठलं, उन्हात वाळलेलं कुठलं नि सावलीत कुबटलेलं कुठलं, हे बोलायला यायच्या आधी कळतं. पण खाडीचं नाव लीलाधर कामावर कधी काढत नसे.

त्याचं नाव त्याला फार सोयीचं पडलं होतं. लीलाधर मराठीतही चालतो नि गुजरातीतही. गोडदेवपासून स्टेशनपर्यंतच्या बिल्डिंगांमधून शाकाहारी गुजराती लोक त्याला लीलाधरभाई म्हणायचे, आतल्या खोलीत बसवून चहा द्यायचे, आपल्यातलाच समजायचे. तो समजू द्यायचा. खोटं तो एकदाही बोलला नव्हता. कोणी विचारतच नाही तर आपण होऊन सांगायचं कशाला, असं त्याचं म्हणणं.

माघातल्या त्या गुरुवारी गोडदेवच्या ‘पद्मावती कृपा’मध्ये पाच वर्षांची तपासणी होती. चार मजले, सोळा घरं. सेक्रेटरी धर्मेश, स्टेशनजवळ साडीच्या फॉल-बिडिंगचं दुकान चालवणारा गोरा, बोलका माणूस, दुकान भावावर सोपवून सकाळपासून त्याच्यासोबत फिरत होता. घराघरात तेच काम: सिलिंडर उभा आहे का, शेगडी त्याच्यापेक्षा उंच आहे का, नळीवरची तारीख उलटली का, आतलं रबरी वायसर झिजलं का. शेवटी साबणाचं पाणी, आणि मग कार्डावर नि एजन्सीच्या रजिस्टरमध्ये सही. पहिल्या मजल्यावरच्या एका सूनबाईंना तर लीलाधरने चांगलं पंधरा मिनिटं समजावलं की ओट्याखालचं कपाट असं घट्ट बंद ठेवू नका, गॅस हवेहून जड असतो, तो खालीच साचतो, पाण्यासारखा. धर्मेश कौतुकाने मान डोलावत होता.

जिन्यात मात्र त्याने आवाज खाली आणला. “लीलाधरभाई, तिसरे माले पे नाक पे रुमाल रखना. वहां समुंदर है.”

लीलाधर हसला. सवयीने हसला. पण हसला.

तिसऱ्या मजल्यावर हौसाबाई राहायची. मूळची मुर्ध्याची कोळीण. चाळीस वर्षं जुन्या भाईंदरच्या बाजारात पाटी मांडून बसलेली. मुलगा राज वापीला नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी यायचा. त्याने हौसेने आईसाठी हा फ्लॅट घेतला नि आईला या जिन्यात आणून सोडलं. इथे तिने ताजी मासळी करणं पहिल्या वर्षीच सोडलं. सुक्याची तेवढी एक बरणी ठेवली होती, झाकणावर प्लास्टिक, त्यावर कापड, त्यावर दोरी. तरी महिनाभर जिन्यात वास येत होता, नि वास आला की सगळी बिल्डिंग तिच्या दाराकडे बघत होती.

दार तिने सताड उघडंच ठेवलं होतं, खिडक्याही. माणसं येणार म्हणून फरशी दोनदा पुसली होती, लावलेल्या चार उदबत्त्या विझल्या होत्या. धर्मेश उंबऱ्याबाहेरच थांबला.

“वास येतंय काय रं बाला?” तिने लीलाधरला विचारलं, गुन्हेगाराने हवालदाराला विचारावं तसं. “मना कलत न्हाय. त्या साथीच्या तापात नाक मेलं, ते मेलंच. लोक बोलतान म्हणजे येत असंल.”

चाळीस वर्षं नुसत्या वासावर पापलेट पारखणारी बाई. आता तिला स्वतःच्या घराचा वास दुसऱ्यांना विचारावा लागत होता.

वास येत होता. लीलाधर ओट्यापाशी गेला नि त्याच्या नाकाने नेहमीसारखं आपलं काम केलं. सुक्या मासळीचा वास खरखरीत असतो, मिठाचा, उन्हाचा. तो समोरून येतो नि छातीशी भेटतो. हा वास खाली होता. घोट्यांपाशी. ओल्या पोत्यासारखा, कुजक्या कोबीसारखा, ओट्याखालच्या बंद कपाटाच्या फटीतून सरपटत येणारा. त्याचा हात पिशवीतल्या बाटलीकडे गेला. नळीला म्हातारीने जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला होता, तेलकट होऊ नये म्हणून. तो सोडायला लीलाधर खाली वाकला.

नेमकी त्याच वेळी हौसाबाईही वाकली नि त्याच्या तोंडाकडे निरखून बघायला लागली.

“तू राईच्या काशीनाथाचा पोर ना रं?” तिचा चेहरा उजळला. “डोलं तेच. तुजी आय नि मी एका फळीवर बसायचो बाजारात. लीलाधर ना तू? माज्या पाटीत झोपायचास!”

उंबऱ्याबाहेरून धर्मेश मोठ्याने हसला. “क्या मावशी! ये तो हमारे लीलाधरभाई है.”

दोन माणसं दोन बाजूंनी बघत होती. एकीकडे आईच्या शेजारची फळी, दुसरीकडे सकाळपासून प्यायलेले तीन चहा. आणि मध्ये तो वास. त्या क्षणी लीलाधरला वाटलं, हा वास आपल्याच अंगाला येतोय. खाडीवरून निघून तीस वर्षं झाली, किती साबण झाले, तरी आलाच मागोमाग, नि आता दारातल्या माणसाच्या नाकात शिरणार.

“नाही मावशी,” तो उभा राहत म्हणाला. “तो मी नव्हे. माझे वडील वसईचे होते.”

हौसाबाईचा चेहरा विझला. “चुकलं बाला,” ती म्हणाली. “नाक गेलं, आता डोलं बी चालले.”

लुगड्याचा तुकडा नळीवर तसाच राहिला. बाटली पिशवीतच राहिली. कार्डावर ‘नळी ठीक, गळती नाही’ असं लिहून त्याने सही केली आणि बाहेर येऊन धर्मेशला हिंदीत सांगितलं, सुक्या मच्छीचाच वास आहे, गॅस-बिस काही नाही. उरलेल्या घरांत त्याने साबणाचं पाणी दोन-दोनदा लावलं. बुडबुडा कुठे म्हणजे कुठेच आला नाही.

रात्री जेवताना वास. सकाळी दाढी करताना वास. शुक्रवार गेला, शनिवार गेला. तो स्वतःला सांगत राहिला की मासळीचाच होता. कामाच्या माणसाने म्हातारीच्या घरात मिनिटभर घाई केली म्हणून आभाळ कोसळत नाही. सांगून सांगून ते त्याला जवळजवळ पटलंही.

रविवारी तो राईला भावाकडे गेला. गुणवंतने उत्तनच्या बोटीवरून बोंबील आणले होते, अंगणात दोन बांबूंना दोऱ्या ताणून जोडी-जोडीने तोंडात तोंड अडकवून टांगले होते. दुपारचं ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं. अशाच दोऱ्यांखाली आई म्हणायची:

बोंबील वाळती ग, वाळती उन्हाच्या दोरीला
वास जाई परगावा, सांगे माहेर पोरीला

लीलाधर दोरीखालून वाकून गेला नि मध्येच थांबला. वास आला, समोरून, छातीशी. मीठ, ऊन, खारा वारा. आईच्या पदराचा वास. त्याने डोळे मिटले आणि पुन्हा एकदा श्वास ओढला. यात कोबी नव्हता, ओलं पोतं नव्हतं, घोट्यांपाशी सरपटणारं काही नव्हतं. तीन दिवस स्वतःला सांगितलेलं सगळं त्या उन्हात गळून पडलं.

“काय रं, ऊन लागलं काय?” गुणवंतने विचारलं.

लीलाधर तसाच स्कूटरकडे वळला. पिशवी स्कूटरच्या डिकीत असायचीच. त्याने स्कूटर काढली.

राईहून गोडदेवला जायचं तर आधी भाईंदर पश्चिमेचा नाका, मग रुळांवरचा पूल, मग पूर्वेची गर्दी. अर्धा तास. फोन खिशात होता. धर्मेशचा नंबर त्यात होता. असा प्रसंग आला तर काय करायचं, हे त्याने हजार घरांत सांगितलं होतं: आधी कळवा, खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बटणाला हात लावू नका. पण कळवायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे कबूल करायचं. आपण गुपचूप जावं, ‘मावशी, नळी बदलायची राहिली’ म्हणावं, बदलावी, निघावं. कोणाला कळणार? या विचारात त्याने नाक्यापर्यंतची बारा मिनिटं काढली. पुढे आयुष्यभर त्याला सहीपेक्षा आणि वडिलांचं गाव खोटं सांगण्यापेक्षाही ही बारा मिनिटं जास्त टोचली. ते दोन्ही घाईत घडलं होतं. या बारा मिनिटांत मात्र खांबागणिक फोन करता आला असता.

नाक्यावर सिग्नल लागला. शेजारच्या चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाईने काडी ओढली नि चुलाणं पेटवलं. भप्पकन जाळ झाला, नेहमी होतो तेवढाच. लीलाधरने स्कूटर कडेला घेतली.

धर्मेश खुशीत होता. “अरे लीलाधरभाई! वास एकदम बंद, तुमच्यामुळे. मावशीला सांगितलं मी, मेकॅनिक पण मच्छीच बोला. बिचारी ऐकते हां. कालपासून खिडक्या, दार, सगळं पॅक. दाराच्या खाली ओला टॉवेल लावलाय. जिन्यात आता काही नाही.”

लीलाधरने त्याला मध्येच तोडलं.

“धर्मेशभाई, ऐका. तो मासळीचा वास नव्हता. गॅस आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी तपासलं नाही, नुसती सही केली.”

उत्तराची वाट न बघता तो पुढे बोलत राहिला.

“आधी खाली मीटरच्या खोलीत जाऊन तिच्या घराची लाईट बंद करा. मग वर जा. बेल वाजवू नका, हाताने ठोका. तिला सांगा, काडी ओढू नको, खिडक्या उघड, बाहेर ये. मी येतोय.”

पूल, गर्दी, रिक्षा, हातगाड्या. कसा पोचला ते त्याचं त्याला ठाऊक. तिसऱ्या मजल्यावर सात-आठ माणसं उभी होती नि धर्मेश दोन्ही हातांनी दार बडवत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“आत आहे, पण उघडत नाही,” तो म्हणाला. “आवाज दिला तर गप्प बसली.”

का गप्प बसली ते लीलाधरला तत्काळ कळलं. दोन दिवस ती शिक्षा भोगत बसली होती. आता दारावर इतकी माणसं आली, इतक्या जोरात ठोकायला लागली, म्हणजे अजूनही वास येतोय, पुन्हा बोलणी खायची आहेत. अशा वेळी माणूस काय करतं? श्वास दाबून बसतं, घरात नसल्यासारखं. तिला दार उघडायला लावेल असा आवाज या जिन्यात एकाकडेच होता. तो आवाज त्याने तीस वर्षं कामावर वापरला नव्हता.

त्याने दाराला गाल टेकवला.

“हौसामावशे, मी लीलाधर हाय. राईच्या काशीनाथाचा. तुज्या पाटीत झोपायचो तो. त्या दिशी खोटं बोललो गो. वास मासळीचा न्हाय, गॅसचा हाय. कोण तुला काय बोलाय न्हाय आयला. उघड.”

आपल्या पाठीवर आठ जणांचे डोळे त्याला कापडातून जाणवत होते.

आत टॉवेल ओढल्याचा आवाज आला. कडी निघाली.

दाराआडून जे बाहेर आलं ते थेट पोटऱ्यांना लागलं, गार. लीलाधरने तिला हाताला धरून बाहेर धर्मेशकडे दिलं, सगळ्यांना खाली जायला सांगितलं नि श्वास धरून आत शिरला. खिडक्या उघडल्या. कपाट उघडलं, रेग्युलेटर फिरवला, काढला, सिलिंडरच्या तोंडावर टोपी बसवली. रेग्युलेटर चालूच होता. गुडघे वाकत नाहीत म्हणून ती तो कधी बंदच करत नसे, शेगडीची खुंटी फिरवली की झालं. सिलिंडर उचलून तो वर गच्चीत मोकळ्यावर ठेवून आला. घरात वारा फिरून शांत व्हायला तासभर गेला. मग त्याने नळीवरचा लुगड्याचा तुकडा सोडला. मधोमध, जिथे नळी वाकून कपाटात शिरते तिथे, बोटाच्या पेराएवढी चीर होती. गुरुवारी दिसली असती. एवढा तुकडा सोडायला लागला असता किती वेळ?

घर उडालं कसं नाही, ते ओट्यावर दिसलं. तिथे पावाचं अर्धं पाकीट होतं नि केळ्यांची सालं. शेगडी कोरडी, धुऊन पुसून ठेवलेली. कालपासून तिने काहीच शिजवलं नव्हतं, चहासुद्धा नाही. शिजवलं की वास येईल म्हणून.

धर्मेशने तिला आपल्या घरातून खुर्ची आणून जिन्याच्या वळणावर बसवलं होतं. त्याने घरून चहाही आणला होता. तो एकदा तिच्याकडे, एकदा जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटत होता. माफ करना मावशी, असं असावं. चहाचा कप तिने हातात घेतला होता, प्यायली नव्हती. लीलाधर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. ती शिव्या देईल, कोळणीच्या जिभेने सोलून काढेल, म्हणून तो तयार होता. तेवढं तरी तिने करावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

हौसाबाईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

“म्हणजे वास माजा नव्हता?” तिने विचारलं.

“नाही मावशी.”

“महिनाभर?”

“महिनाभर.”

“नि तुला ठावं होतं.”

लीलाधरने पिशवीतलं गुरुवारचं रजिस्टर काढलं, तिच्या नावासमोरच्या सहीवर काट मारली, ‘तपासणी न करता सही केली’ असं लिहिलं, तारीख घातली नि त्या पानाचा फोटो एजन्सीच्या मालकाला पाठवला. सोमवारी जे व्हायचं ते होईल. पण हौसाबाई त्या कागदाकडे बघतही नव्हती. कागद तिला वाचता येत नव्हता, आणि तिची बदनामी कागदावर झालीच नव्हती.

तिने कप खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला, बाजारात पाटी उचलायच्या आधी खोचायची तसा.

“चल,” ती म्हणाली.

“कुठे?”

“दारोदार. हे लोक माज्या दाराशी बोलून गेले, तू बी जा नि बोल. मी सांगितलं तर कोळीण बोलते, असं होईल. तू सांग. तू त्यांचा माणूस ना?”

पहिलं दार समोरचंच. हेमाली म्हणून एक तरुण मुलगी राहायची, सगळ्यात आधी तक्रार तिनेच केली होती. तिने दार उघडलं नि दोघांना बघून गोंधळली. लीलाधरने सांगितलं: वास गॅसचा होता, मावशींच्या मासळीचा नव्हता, मला कळलं होतं, मी लपवलं. हेमाली लाजली, काहीतरी म्हणाली, दार हळूच लावलं. मग शेजारची दोन. मग चौथ्या मजल्यावरची चार. हौसाबाई एकेक पायरी दोन्ही पाय टेकून चढत होती, थांबत होती, त्याने हात पुढे केला तर घेत नव्हती. प्रत्येक दारात ती त्याच्या मागे उभी राहायची नि एक अक्षर बोलायची नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थाने हिंदीत विचारलं, “आप लोग रिश्तेदार हो क्या?” लीलाधर म्हणाला, “हमारे गांव की है. बाजूवाले गांव की.” मागून हौसाबाईचा श्वास तेवढा ऐकू येत होता, चढून आल्यामुळे जोरात चाललेला.

प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणायचं होतं. पहिल्यांदा म्हणताना जेवढं जड गेलं तेवढंच आठव्यांदाही गेलं. दळताना दाणा भरडून भरडून बारीक होतो, हे वाक्य तसं होत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या दाराला कुलूप होतं. धर्मेश खालून म्हणाला की ते लोक बोरिवलीला गेलेत, संध्याकाळपर्यंत येतील, मी सांगेन ना त्यांना, मावशी, तुम्ही घरी जा.

हौसाबाईने मान हलवली. भिंतीला धरून ती पायरीवर बसली. पायांची बोटं सुजली होती, ती तिने चपलेतून मोकळी केली.

“बस,” ती लीलाधरला म्हणाली. “येतील ते.”

तो एक पायरी खाली बसला, पिशवी मांडीवर घेऊन. वर कोणाच्या तरी घरात कुकरची शिटी झाली, कढीला फोडणी पडली. तिला त्यातला कसलाच वास येत नव्हता. थोड्या वेळाने तिने विचारलं, आता कसला वास येतोय? हिंग आणि कढीपत्ता, त्याने सांगितलं. तिने मान डोलावली. खाली फाटक वाजलं, जिन्यात पावलं चढू लागली, आणि लीलाधर उठून उभा राहिला.